अनुस्वार की डाग? साध्या कागदावर शाईपेन चालवण्याची रीत

"ताई, पान ४३, खालून तिसरी ओळ. तो अनुस्वार आहे की डाग?"

फोन डीटीपी करणाऱ्या मुलाचा होता. मी माझी झेरॉक्स काढून पाहिली, आणि मलाच सांगता येईना. तीनशेच्या वर पानांची प्रुफं होती, काटकसर म्हणून पाठकोऱ्या कागदांवर काढलेली. त्यावर मी नवं, मध्यम निबाचं, सढळ हाताने शाई सोडणारं पेन चालवलं होतं. अनुस्वार द्यायला टेकवलेलं टोक उचलेपर्यंत ठिपका मुगाएवढा व्हायचा. संध्याकाळी उलगडा झाला. ४३ वरचा तो ठिपका मी दिलाच नव्हता. ४२ वर दिलेला अनुस्वार कागदातून आरपार जाऊन खालच्या पानावर उतरला होता, आणि नेमका एका 'त'च्या डोक्यावर बसला होता.

"बॉलपेन घ्या की," असं सगळेच सांगतात. दिवसाचे सहा तास समासात खुणा करायच्या तर बॉलपेन दाबून दाबून मनगट धरतं. शाईपेनला दाब लागत नाही, म्हणून ते सोडवत नाही. आणि कागद माझा नसतो. प्रकाशक पाठवेल तो. अशी अडचण माझी एकटीची नाही. शाळेच्या दोनशे पानी वह्या तपासणारे, ऑफिसच्या स्वस्त कागदावर टिपणं काढणारे, क्लासच्या झेरॉक्स नोट्सवर लिहिणारे, सगळ्यांचं तेच. कागद बदलता येत नसेल तर त्यावर पडणारी शाई कमी करायची, एवढाच उपाय उरतो. त्यासाठी आधी पेन बघायचं, मग हात, मग शाई, आणि कागद सर्वांत शेवटी. बहुतेक लोक उलटीकडून सुरुवात करतात. आधी महागडी दौत आणतात, आणि ती त्याच ओघळत्या पेनात भरतात.

शाई फुटते म्हणजे काय होतं

कागद म्हणजे झाडाच्या किंवा गवताच्या तंतूंची दाबून वाळवलेली चटई. तंतूंमध्ये बारीक फटी असतात, आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तशी शाई त्या फटींतून धावते. रेघेच्या कडेला केसांसारखे फाटे दिसले की आपण म्हणतो शाई फुटली. फाटे नाहीत, पण बारीक निबाची रेघ जाड उमटते, तेव्हा शाई पसरली. आरपार गेली तर ती झिरपली. चौथा प्रकार शाईच्या माथी मारू नये: कागद इतका पातळ असतो की मागचं अक्षर नुसतं दिसतं, शाई तिथवर पोचलेली नसतेच. मागच्या बाजूला ओलसर कापूस घासून बघा. कापसाला रंग लागला तर झिरपली, नाहीतर नुसती दिसतेय. पातळपणावर शाई बदलून काही होत नाही.

तंतूंना पाणी पिऊ न देण्यासाठी कागदाला खळ देतात. आपल्याकडचे जुने कागदी, म्हणजे कागद बनवणारे कारागीर, हे हाताने करत. पुण्यात कसब्यात कागदीपुरा आहे, जुन्नरचा कागदही नावाजलेला होता. हातकागदाला कांजीची खळ द्यायची, वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटल्यावर तंतू बसतात, वरच्या फटी मिटतात. बोरूने लिहिलेले मोडी कागद आजही सुबक दिसतात त्यामागे कारकुनाच्या हातासोबत ही घोटाई आहे, आणि काजळीची शाईही आहे: काजळीचे कण वरच बसतात, रंगासारखे पाण्यात विरघळून तंतूंमध्ये शिरत नाहीत. गिरण्यांच्या कागदात पुढे राळ आणि तुरटीची खळ आली, आता त्याहून नवी रसायनं वापरतात. खळ घालायला पैसे लागतात, आणि बॉलपेनला खळ लागत नाही. बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट असल्याने ती कुठेही धावत नाही. बहुतेक सगळे बॉलपेननेच लिहायला लागल्यावर स्वस्त वहीचा कागद शाईपेनसाठी कोण बनवणार?

आता जीएसएमबद्दल. वर्तमानपत्राचा कागद साधारण ४५ ग्रॅमचा, स्वस्त वहीचा ५५ ते ६०, झेरॉक्सचा ७० ते ८०. त्यावरून दुकानदार सांगतो, "जाड घ्या मॅडम, शाई नाही फुटणार." जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन, बाकी काही नाही. तोमोए रिव्हर नावाचा जपानी कागद ५२ ग्रॅमचा, पापडासारखा पातळ, आणि त्यावर शाई काचेवरच्यासारखी उभी राहते. उलट शंभर ग्रॅमचा जाडजूड पण खळ नसलेला कागद टीपकागदासारखा पितो. जाडीमुळे फार तर झिरपलेली शाई मागे पोचायला उशीर होतो. पुढच्या बाजूची फुटाफूट तशीच राहते. पुनर्वापराच्या कागदाचे तंतू तुटून आखूड झालेले असतात, तो बहुधा जास्त पितो. उसाच्या चिपाडांपासून केलेला कागद मात्र दिसायला पिवळट असला तरी पुष्कळदा शहाण्यासारखा वागतो. त्याला नाक मुरडू नका.

पाच मिनिटांची तपासणी

नवा गठ्ठा हातात आला की मी काम सुरू करण्याआधी एक कोरं पान वेगळं काढते. बोट पाण्यात बुडवून एक थेंब कागदावर ठेवते. थेंब गोल बसून राहिला तर खळ आहे. दोन-तीन सेकंदांत ओला डाग झाला तर पुढचं सगळं कळलंच. पण नुसत्या थेंबावर विसंबू नका. शाईत पाण्याची पकड सैल करणारे, साबणाच्या जातीचे पदार्थ असतात, त्यामुळे पाणी अडवणारा कागद शाईला वाट देऊ शकतो.

मग प्रत्यक्ष लिहायचं. माझं ठरलेलं वाक्य आहे: 'भांड्यांमधलं धान्य घंगाळात'. अर्थाला काही नाही, पण त्यात भ आणि म आहेत, ध आणि घ आहेत, एक ळ आहे आणि अनुस्वारही पुरेसे आहेत. शाई पसरली की सर्वांत आधी भ-म-ध यांच्या गाठी बुजतात, मग घ आणि ध सारखे दिसायला लागतात. इंग्रजी लिहिणाऱ्यांच्या शाईच्या चाचण्या आपल्या फारशा उपयोगाच्या नाहीत. त्यांच्याकडे शिरोरेषा नाही आणि अक्षरागणिक अनुस्वारही नाही.

वाक्याखाली तीन ठिपके द्या. पहिला टेकवून लगेच उचला, दुसऱ्याला मनात एक-दोन म्हणा, तिसऱ्याला एक ते पाच. पहिला बारीक आणि तिसरा वाटाण्याएवढा असेल तर कागद पितोय, पण हात चपळ ठेवला तर काम निभेल. पहिलाच फुटला तर पेन बदलण्याला पर्याय नाही. शेजारी उभ्या-आडव्या रेघांची दाट जाळी काढा, खाली एक पांढरा कागद ठेवून मिनिटभर थांबा आणि पान उलटा. खालच्या कागदावर ठिपके उतरले असतील तर गठ्ठ्यावर ठेवून लिहायचं नाही, हे ठरलं. हे मी त्या ४२-४३ नंतर शिकले.

हेच कागदाच्या दुसऱ्या बाजूवर करा. यंत्रावर कागद बनताना एक बाजू जाळीला टेकलेली असते, आणि दोन्ही बाजूंचा पोत सारखा नसतो. कितीतरी वेळा 'हा कागद वाईट' म्हणून बाजूला ठेवलेल्या गठ्ठ्याची दुसरी बाजू ठीक निघते. पाठकोऱ्यात ही निवड अर्थातच नसते.

तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पेनही नवं, शाईही नवी आणि कागदही नवा असला तर दोष कोणाचा ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. चाचणीच्या पानावर पेन, शाई, तारीख लिहा, आणि पावसाळी हवा असेल तर तेही.

पेन आणि हात

निब बारीक घ्या. एफ (फाइन) चालेल, ईएफ (एक्स्ट्रा फाइन) बरं. जपानी पेनांचा एफ हा युरोपी एफपेक्षा साधारण एक घर बारीक असतो, त्यामुळे नुसतं अक्षर वाचून घेऊ नका, लिहून बघा. अप्पा बळवंत चौकात पेनं मिळतात त्या दुकानांत बुडवून बघायला बहुतेक नाही म्हणत नाहीत. मात्र ते चाचणीला देतात तो चकचकीत पॅड बाजूला सारा आणि पिशवीतून आपला वाईट कागद काढा. दुकानदार बघत राहतो. राहू दे. बुडवलेलं निब सुरुवातीला जरा जास्त शाई सोडतं, म्हणून पहिल्या दोन ओळी जमेस धरू नका.

ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायची आपली जुनी पेनं मला प्रिय आहेत, पण त्यांची एक खोड आहे. शाई तळाला आली की वर हवा साठते, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाई बाहेर ढकलते. निबाखाली अचानक टपोरा थेंब येतो तो यामुळे. वाईट कागदावर काम असेल तर असं पेन अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, किंवा कन्व्हर्टरचं, म्हणजे शाई ओढून घेणारी छोटी सुटी नळी आत बसवलेलं, पेन घ्या.

एकच पेन असेल आणि ते फार ओलं लिहीत असेल, तर निब पालथं धरून लिहून बघा. बहुतेक निबं पालथी केली की बारीक आणि कोरडी रेघ देतात. काही कागद खरवडतात, ती सोडून द्या. निबाच्या दोन पाकळ्या चिमटीत दाबून फट कमी करायचा उपदेशही ऐकायला मिळतो. मी तो एकदा अमलात आणला. त्या पेनाने आता कागदाची पिशवी भोकसता येते.

हाताबद्दल जरा सविस्तर, कारण हे फुकट आहे आणि इथेच सर्वाधिक फरक पडतो. दाब दिला की पाकळ्या फाकतात आणि शाई दुप्पट उतरते. बॉलपेनची सवय असलेला हात नकळत दाबतो. पेन जरा मागे धरा, मनगट सैल सोडा, आणि निब कागदावर नुसतं सरकू द्या.

दुसरं, थांबायचं नाही. निब टेकलेलं असेपर्यंत कागद पेनातून शाई ओढत राहतो. विचार करायचा तर पेन उचलून. देवनागरीत थांबण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: अनुस्वार, मात्रेचं टोक, काना संपतो तिथे, आणि उभी रेघ शिरोरेषेला मिळते तो सांधा. सांध्यावर शाई दोनदा पडते, म्हणून तिथे पहिल्यांदा फुटते. अक्षरागणिक शिरोरेषेचा तुकडा द्यायची सवय असेल तर प्रत्येक अक्षराला दोन सांधे होतात. सबंध शब्द लिहून एकाच हलक्या फटकाऱ्यात रेघ ओढली तर निम्मे कमी होतात. मोडी लिहिणारे आधी पूर्ण ओळभर रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगत. प्रुफाच्या समासात हे जमत नाही, पण वहीत करून बघा, मजा येते. अनुस्वार 'ठेवायचा' नाही, टोचल्यासारखा द्यायचा. मी तर वाईट कागदावर अनुस्वाराऐवजी बारीक तिरपी रेघ देते. हलत्या निबाची रेघ थांबलेल्या निबाच्या ठिपक्यापेक्षा नेहमी स्वच्छ असते. डीटीपीवाल्याला एकदा सांगून ठेवलं की झालं.

टीपकागदाचा इथे उपयोग होत नाही. शाई सर्वांत वेगाने पसरते ती पहिल्या क्षणी, तुम्ही टीपकागद उचलेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. वाईट कागदाची हीच एक चांगली बाजू: त्यावर शाई लगेच वाळते. डावखुऱ्यांचा तळवा निळा होत नाही.

आता शाई

शाईपेनची शाई म्हणजे मुख्यतः पाणी. त्यात विरघळलेला रंग, बुरशी न येण्यासाठी थोडं औषध, निब सुकू नये म्हणून ग्लिसरीनसारखं काही, आणि वर म्हटलेले साबणासारखे पदार्थ. हे जितके जास्त, तितकी शाई निबातून लोण्यासारखी वाहते, आणि तितकीच कागदातही पळते. चांगल्या कागदावर ज्या शाईची लोक तारीफ करतात तीच वाईट कागदावर रडवते, ते म्हणूनच. पायलटच्या इरोशिझुकू शाया बघा. रंग देखणे, वाहतात झऱ्यासारख्या. पण पाठकोऱ्यावर त्या आणू नका.

आपल्याला 'कोरडी' शाई हवी. पेलिकनच्या ४००१ मालिकेतल्या शाया त्यासाठी ओळखल्या जातात. लिहिताना जरा अडखळल्यासारखं वाटतं, पण रेघ आपल्या जागी राहते. नूडलर्सची एक्स-फेदर नावाची काळी शाई तर न फुटण्यासाठीच केलेली आहे. वाळायला मात्र वेळ घेते.

माझा कौल लोखंडी शाईला. हिरड्यासारख्या तुरट फळांच्या काढ्यात हिराकस घातला की जी शाई होते, तीच ही, आता पेनाला सोसेल इतकी सौम्य केलेली. लिहिताना फिकी दिसते, हवा लागली की लोखंड गंजून गडद होतं. ती बहुधा कमी फुटते, कमी झिरपते, आणि वाळल्यावर पाण्याने पुसली जात नाही. पेलिकन ४००१ ची निळी-काळी, प्लॅटिनमची निळी-काळी, रोरर अँड क्लिंगनरची सालिक्स या अशा शाया. प्रुफाला निळी-काळी चालत नाही, काळ्या छपाईत हरवते. आणि लोखंडी शाई मुळात गडद होणारी, त्यामुळे भडक लाल रंगात मिळायची आशा नको. म्हणून मी रोरर अँड क्लिंगनरचीच जांभळट स्कॅबिओसा वापरते. पहिल्यांदा गठ्ठा गेला तेव्हा "लाल पेन संपलं का?" अशी विचारणा झाली होती. आता कोणी विचारत नाही.

लोखंडी शाई आम्लधर्मी असते. पेनात सुकू द्यायची नाही, तीन-चार आठवड्यांनी साध्या पाण्याने पेन धुवायचं, पाणी निर्मळ येईपर्यंत. दुसऱ्या शाईत मिसळायची नाही. गाळ धरून फीड, म्हणजे निबाखालचा शाई पोचवणारा भाग, बंद पडतं. आणि चित्रकलेच्या दुकानातली वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, काजळीची असो वा लाखेची, शाईपेनात कधीही नको. ती टाकासाठी आहे. टाकाने लिहीत असाल तर शाईत किंचित बाभळीच्या डिंकाचं पाणी घालून फुटणं कमी करता येतं. पेनात डिंक घातलात तर मात्र पेन गेलं समजा.

काळी शाई घेताना एक गंमत करून बघा. वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासावर एक थेंब सोडा. बऱ्याच काळ्या शाया दोन-तीन रंगांच्या मिश्रणाने काळ्या झालेल्या असतात, आणि थेंब पसरताना निळसर, तपकिरी कडी वेगळी होतात. पार्करची क्विंक काळी यात प्रसिद्ध आहे. वाईट कागदावर काळ्या अक्षराला निळी झालर येते ती हीच.

पावसाळ्यात

मार्चमध्ये बरा असलेला कागद जुलैमध्ये तसाच राहत नाही. पुण्याच्या पावसाळी हवेत कागद ओल धरतो, तंतू फुगतात, आणि आधीच ओलसर असलेल्या वाटेवरून शाई आणखी लांब धावते. गठ्ठा खिडकीशी ठेवू नका. रीम वेष्टनातच राहू द्या, लागेल तेवढे कागद काढा, उरलेले प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी कपाटात ठेवा. नव्या चपला-पर्समध्ये निघणाऱ्या सिलिकाच्या पुड्या फेकायच्या नाहीत, त्या इथे टाकायच्या. उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. टोपण उघडं राहिलं की निबावरची शाई आटून दाट होते आणि पहिलं अक्षर उमटतच नाही. घामट हाताचा तळवा जिथे टेकतो तिथेही निब घसरतं, शाई धरत नाही. हाताखाली एक चिठोरं ठेवलं की दोन्ही ऋतूंत भागतं.

कागदाला खळ देऊन पाहिली तेव्हा

कागदी खळ देत तर आपणही देऊन पाहू, म्हणून एका रविवारी चमचाभर कॉर्नफ्लॉर कपभर पाण्यात पारदर्शक होईस्तोवर शिजवलं, गाळलं, आणि रुंद ब्रशने रफ वहीच्या चार पानांवर पातळ हात मारला. दोरीवर वाळवली, पुस्तकांच्या ढिगाखाली रात्रभर दाबली, सकाळी स्टीलच्या वाटीच्या बुडाने घोटली. पानं थोडी लाटांची झाली, पण त्यांवर शाई खरोखरच थांबली. शेजारच्या साध्या पानावर तेच पेन फुटत होतं आणि इथे 'धान्य'च्या ध ची गाठ मोकळी होती. तीनशे पानांना हे कोण करणार? पण एखादं पत्र, शुभेच्छापत्र, पाकिटावरचं नाव यासाठी करण्यासारखं आहे. खळ दिलेले कागद फार दिवस साठवू नका, कांजीवर कसर येते.

रोजच्या कामाला त्यापेक्षा साधी युक्ती: एका वेळी एकच कागद, खाली जुन्या दिनदर्शिकेचा पुठ्ठा. झिरपणं थांबत नाही, पण खालचं पान वाचतं. वही विकत घ्यायची असेल तर आधी एकच घ्या, घरी वाक्य लिहून बघा, ठीक निघाली तर त्याच दिवशी जाऊन डझन आणा. महिनाभराने त्याच नावाची, त्याच मुखपृष्ठाची वही आणली तर आतला कागद वेगळा निघू शकतो.

पोस्टकार्डावर आणि पाकिटावर पत्ता लिहिताना धुऊन जाणारी निळी शाई नको. मी भर पावसात मावशीला धाडलेलं कार्ड परत माझ्याच दारात आलं, कारण मावशीच्या पत्त्याच्या जागी निळा ढग होता आणि 'प्रेषक' तेवढं कोपऱ्यात बचावलं होतं.

कार्बन लावून भरायचे फॉर्म, दुकानाची चकचकीत थर्मल पावती आणि गुळगुळीत आर्ट पेपर इथे शाईपेनचा हट्ट नको. पहिल्याला दाब लागतो, उरलेल्या दोघांवर शाई वाळतच नाही. तेवढ्यासाठी माझ्या पर्समध्ये एक पाच रुपयांचं बॉलपेन असतं.